वेणी कुणाची

मेल मुंबईच्या एका इव्हेंट कंपनीचा होता. महिलांची मोठी आंतरराष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा आपल्याकडे होणार होती आणि त्याआधी तिचा करंडक शहरोशहरी फिरवायचं ठरलं होतं. इंदुरात दोन दिवस, एका मॉलमध्ये. तिथली मागची भिंत, कमान, फरशीवरचे स्टिकर, उभे फलक, सगळं छापून लावून द्यायचं होतं. राऊकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं डिझाइन आणि छपाईचं छोटं युनिट आहे. डिझाइन मी बघते, मशीनं नवरा बघतो. मेल आधी त्याने वाचला आणि मला हाक मारून म्हणाला, "अगं, मोठं काम आहे. मी हो म्हणून टाकलंय."

मेलसोबत एक जाडजूड फाईल होती. अशा स्पर्धांचं सगळं आधीच ठरलेलं असतं. बोधचिन्ह किती मोठं छापायचं, त्याच्याभोवती किती जागा मोकळी सोडायची, कोणता रंग कोणत्या रंगाशेजारी चालत नाही. या सगळ्या नियमांची ती फाईल. चहाचा कप हातात घेऊन मी ती उघडली. दुसऱ्याच पानावर डिझाइन करणाऱ्यांची नावं होती आणि सगळ्यांत वर तिचं नाव होतं.

मी फाईल बंद केली.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही. हेवी आहे फाईल, उघडायला वेळ लागून राहिलाय," मी म्हटलं.

ती म्हणजे माझी इंदुरातल्या भंवरकुआं भागातल्या क्लासातली मैत्रीण. आम्ही दोघी सतरा वर्षांच्या होतो. डिझाइनच्या मोठ्या कॉलेजाची प्रवेशपरीक्षा द्यायची होती आणि त्यासाठी तेव्हा इंदुरात एकच क्लास होता. ती महूहून बसने यायची. तिचे आजोबा फौजेत होते, वडीलही फौजेतच. ती छावणीच्या मैदानावर फुटबॉल खेळायची. तिच्या नडग्यांवर कायम एखादा निळा डाग असे, आणि तो झाकायची तिला कधी गरज वाटली नाही. मी जुन्या इंदुरी घरातली. आमच्या पणजोबांनी होळकरांच्या दरबारात लिखापढीचं काम केलं होतं, आणि घरात कुणीही पाहुणा आला की पहिल्या दहा मिनिटांत ते त्याला कळायचं.

चित्र माझं चांगलं होतं. हे मी आज बढाई म्हणून सांगत नाही, तेव्हा सगळेच तसं म्हणत. सर माझे कागद भिंतीवर लावायचे. तिची रेघ कच्ची होती, माणसाचे हात तिला कधी जमले नाहीत. पण ती सतत काहीतरी बघत असायची. बसमध्ये समोरच्या बाईने पिशवी कशी धरली होती, हे ती मला येऊन करून दाखवायची. मला त्यात चित्राचं काय आहे ते कळत नसे.

परीक्षा झाली. तिचा नंबर लागला, माझा लागला नाही.

ती पेढे घेऊन आमच्या घरी आली होती. आईने पुडा घेतला, एक पेढा देवासमोर ठेवला आणि हसून म्हणाली, "छान झालं हो. तुमच्यासाठी जागा असतातच म्हणा."

मी तिथेच उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी पुड्यातला एक पेढा उचलला आणि तोंडात टाकला, म्हणजे मला बोलावं लागू नये. तिला प्रवेश कसा मिळाला हे मी कधी विचारलं नाही, आणि तो विचारायचा प्रश्नही नव्हता. पण आईच्या त्या वाक्याने मला बरं वाटलं होतं. आपण कमी पडलो नाही, असं स्वतःला सांगायची एक सोय झाली होती. ती सोय मी पुढे बरीच वर्षं वापरली.

नंतर ती गेली. मी इंदुरातच चित्रकलेचं शिक्षण घेतलं, लग्न केलं, युनिट टाकलं. लग्नपत्रिका, दवाखान्यांच्या पाट्या, कोचिंगवाल्यांचे टॉपर मुलांचे फोटो असलेले मोठमोठे फ्लेक्स. शहरात चार लोक ओळखतात. तिची बातमी अधूनमधून कुणाकडून तरी कळायची. मोठ्या स्टुडिओत आहे, परदेशात जाऊन आली, कुठलं तरी बक्षीस मिळालं. मी "अरे वा" म्हणायची आणि विषय बदलायची.

दुपारी नवरा जेवायला बसला तेव्हा मी पुन्हा फाईल उघडली.

बोधचिन्ह वेणीचं होतं. तिपेडी वेणी, धावणाऱ्या मुलीची असावी तशी हवेत मागे उडालेली. मुलगी मात्र कुठेच दाखवलेली नव्हती. नुसती वेणी. तीन पेडांचे तीन रंग होते, डाळिंबी, हळदी आणि गडद हिरवा. वेणी वळत वळत खाली येई, तिथे पेड सुटे होत आणि त्यांच्यातूनच चेंडूच्या शिवणी तयार होत. पुढची सगळी पानं त्या एका वेणीतून निघाली होती. तिकिटांच्या कडेला वेणी, मैदानाभोवतीच्या फलकांवर तीच लांबलचक होऊन धावणारी, स्वयंसेवकांच्या टोप्यांवर फक्त तिचा एक वळसा. प्रत्येक देशासाठी पेडांचे रंग बदलत होते आणि तरी सगळ्या वेण्या एकाच घरातल्या वाटत होत्या. स्पर्धेसाठी मुद्दाम बनवलेली अक्षरंही होती. त्यांच्या वळणात पेडासारखं एकावर एक जाणं होतं. देवनागरीतलं 'ळ' बघून मी खुर्चीत मागे टेकले. इतकं सुंदर 'ळ' मी आजवर कुठल्या पाटीवर काढलं नव्हतं.

आणि नेमक्या त्या क्षणी मला पोस्टर आठवलं.

क्लासात असताना महूला मुलींची एक मॅच होती. तिने मला विचारलं होतं, "यार, तुझा हात चांगला आहे, पोस्टर करून देशील का?" मी दोन संध्याकाळी बसून पोस्टर केलं होतं. फुटबॉल खेळणारी मुलगी, आणि तिची वेणी. ती वेणी मला लख्ख दिसायला लागली. उडालेली, चेंडूभोवती फिरलेली. माझी वेणी.

"हे माझं आहे," मी नवऱ्याला म्हटलं.

तो पोळीचा तुकडा हातात धरून स्क्रीनकडे बघत राहिला. "नक्की?"

"मी सतरा वर्षांची असताना केलंय. तिच्यासाठीच केलं होतं. तिने उचललं."

"बघ बुवा," तो म्हणाला. "फोन लाव ना तिला सरळ."

फोन मी लावला नाही. संध्याकाळी आमच्या क्लासच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी त्या बोधचिन्हाचा फोटो टाकला, तिचं अभिनंदन म्हणून. टाळ्या आणि फुलं पडायला लागली. सरांनीसुद्धा लिहिलं, 'अभिमान वाटतो बेटा.' मला त्यांनी बेटा म्हटल्याचं आठवेना. मी लिहिलं, 'खूप छान! कुठेतरी बघितल्यासारखं वाटतंय पण. महूच्या मॅचचं पोस्टर आठवतंय का कुणाला?' आणि शेवटी एक हसरा चेहरा टाकला.

पाच मिनिटांत एकाने विचारलं, 'मतलब कॉपी?' मी उत्तर दिलं नाही. मग दुसरीने लिहिलं, 'अरे हां, ते तर तू केलं होतंस ना? याद आलं.' ही मुलगी महूला कधी गेलीच नव्हती. पोस्टर तिने पाहिलेलं असणं शक्य नव्हतं. पण तिला आठवलं, आणि ते वाचून माझंही आठवणं आणखी पक्कं झालं. जिचं डिझाइन होतं ती स्वतःही ग्रुपवर होती. तिने मेसेज वाचल्याचं दिसत होतं. ती काही बोलली नाही, आणि तिचं ते न बोलणं मी माझ्या बाजूने धरलं.

पुढचे तीन-चार आठवडे मी तिचंच काम करत होते. मत्सराने माणूस काम बिघडवतो असं मला वाटायचं. माझं उलट झालं. डाळिंबी रंग आमच्या मशीनवर थोडा विटकरीकडे झुकत होता. एखाद्या दवाखान्याची पाटी असती तर मी चालवून घेतलं असतं. इथे मी तीनदा छापून बघितलं, चौथ्यांदा शाई बदलायला लावली. ऑपरेटर वैतागून नवऱ्याला म्हणाला, "भिया, इतना तो कोई दूर से देखेगा भी नहीं." पण ती बघणार होती. करंडकासोबत ती इंदुरात येणार असल्याचं मेलमध्ये लिहिलं होतं. माझ्या कामात एक सुतभर चूक तिला सापडू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती आली की पोस्टरचा कागद तिच्यासमोर ठेवायचा, हेही ठरलं होतं. मूळ पोस्टर महूलाच राहिलं होतं. पण आधीचा कच्चा कागद माझ्याकडे असणार. मी कागद कधी टाकत नाही.

तो कागद शोधायला मी आईच्या फ्लॅटवर गेले. दिवाणाच्या पोटात माझे जुने कागद गुंडाळून ठेवलेले आहेत.

"काय शोधून राहिलीस गं?" आईने विचारलं.

मी सांगितलं. ती म्हणाली, "ती महूची ना? मला तेव्हाच वाटलं होतं."

"काय वाटलं होतं?"

आई भाजी निवडत राहिली.

कागद सापडला. मी तो फरशीवर उलगडला आणि चार कोपऱ्यांवर चार डबे ठेवले. माझंच चित्र होतं. खाली तारखेऐवजी मॅचचा वार लिहिलेला, बाजूला रंगांचे ठिपके. मुलगी सुंदर होती. मोठाले डोळे, इस्त्री केलेला स्कर्ट, काखेत चेंडू धरून ती फोटोला उभी राहावी तशी उभी होती. दोन वेण्या होत्या, लाल रिबिनी बांधलेल्या. दोन्ही वेण्या खांद्यावरून सरळ खाली लोंबत होत्या.

मी कितीतरी वेळ त्या वेण्यांकडे बघत होते. मग कागद खिडकीपाशी नेला. मुलीच्या डोक्यामागे कागद थोडा खरवडलेला होता. तिरपा धरल्यावर एक खोडलेली रेघ दिसली. पेन्सिल जोरात दाबून मारलेली, डोक्यापासून मागे गेलेली, वळलेली. तेव्हा बाकीचं आठवलं. मी हा कागद क्लासात तिला दाखवला होता. ती म्हणाली होती, "अगं, ही तर पळतच नाहीये. पळताना वेणी अशी मागे जाते," आणि माझ्या चित्रावर सरळ रेघ मारली होती. मला इतका राग आला होता की मी ती तिच्यासमोर खोडली. "वेणी अशी दिसत नाही," मी म्हटलं होतं. "चित्र बिघडवलंस."

आई म्हणाली, "मिळालं का?"

"नाही," मी म्हटलं आणि कागद गुंडाळला.

त्या दिवशी मी ग्रुपवर खरं लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. तीन-चारदा फोन हातात घेतला आणि ठेवला. चोरी झाली असती तर बरं झालं असतं, असं वाटत होतं. चोरी झाली असती तर त्या सुंदर वस्तूत माझा वाटा तरी निघाला असता. आता तिचं सगळं तिचंच होतं, आणि माझ्याकडे एक इस्त्रीची मुलगी होती. नवऱ्याने विचारलं तेव्हा मी त्यालाही "सापडला नाही" असंच सांगितलं.

मॉलमध्ये सकाळी दुकानं उघडायच्या आधी आम्ही सगळं लावून घेतलं. ती दहाच्या सुमारास आली. केस कापलेले, डोळ्यांवर चष्मा, एक गुडघा जरा जपत पाऊल टाकत होती. तिने आधी मला नाही, भिंतीला बघितलं. लांबून बघितलं, मग जवळ येऊन डाळिंबी पेडावर बोट फिरवलं.

"हा रंग मुंबईतही असा नव्हता आला," ती म्हणाली. "तू केलंस?"

"हो."

"सुरेख झालंय."

ती मनापासून म्हणत होती, आणि तेच मला जास्त लागलं. चांगल्या छपाईसाठी तिने मला शाबासकी द्यावी, इथवर आम्ही दोघी येऊन पोचलो होतो. आम्ही वरच्या मजल्यावर बंद दुकानांसमोरच्या बाकावर बसलो. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "तो मेसेज मी वाचला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलू देत नव्हते. तुझ्या मेसेजचा फोटो कुणीतरी आयोजकांना पाठवला. त्यांच्या वकिलांनी मला लेखी विचारलं, हे डिझाइन आधी कुठे वापरलंय का. पहिल्या दिवसापासूनचे सगळे कच्चे कागद, सगळ्या फायली, तारखांसकट द्याव्या लागल्या. दोन आठवडे माझं नाव थांबवून ठेवलं होतं. माझ्या टीममधल्या मुली मला काही बोलत नव्हत्या, पण बघत होत्या."

हे इतकं दूर जाईल असं मला वाटलं नव्हतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण ते खरं नव्हतं. दूर जावं असंच वाटलं होतं, फक्त मला दिसू नये एवढंच.

मी सोबत आणलेल्या पुठ्ठ्याच्या नळीतून कागद काढून तिच्या मांडीवर ठेवला. "माझ्याकडे हे आहे. मला वाटलं होतं ती वेणी यातली आहे. नाहीये. ही खोडलेली रेघ तुझी आहे."

तिने कागद उलगडला, चष्मा वर केला, नीट बघितलं. मग म्हणाली, "हे काय आहे?"

"महूचं पोस्टर. तू सांगितलं होतंस करायला."

"मला नाही आठवत गं."

"तू यावर रेघ मारली होतीस. आपलं भांडण झालं होतं."

"असेल. खरंच नाही आठवत." ती खोटं बोलत नव्हती. "वेणीचं तर वेगळंच आहे. मॅचच्या आधी आम्ही सगळ्या जणी मैदानाच्या कडेला एका रांगेत बसायचो, एकीमागे एक, आणि जी ती पुढचीची वेणी घालायची. घट्ट, डोळे ताणले जातील इतकी. सगळ्यांत मागे बसणारीची कुणी घालायचं नाही, म्हणून ती उठून पुढे जाऊन बसायची. तिथून आलंय ते. महूच्या मुलींचं आहे."

म्हणजे त्या गोष्टीत मी कुठेच नव्हते. चोराला जसा घरमालक लागतो तशीसुद्धा नव्हते. माझ्या आयुष्यातली एवढी मोठी ठेच तिच्या आयुष्यात घडलेलीच नव्हती.

"तू मला एक फोन करू शकत होतीस," ती म्हणाली. आता तिचा आवाज बदलला होता. "तुझ्या आईंनी त्या दिवशी जे म्हटलं, ते मात्र मला आठवतं. तेव्हा तू पेढा खात गप्प उभी होतीस. आणि इतक्या वर्षांनी बोललीस, तर हे."

मी "माफ कर" म्हटलं, पण ते फार बारीक आवाजात आलं. तिने ऐकलं असावं. ती उठली, कागद माझ्याकडे दिला आणि खाली गेली, कारण करंडकाची गाडी आली होती.

मी तिथेच बसून ग्रुपवर लिहिलं. 'त्या वेणीशी माझा काही संबंध नाही. माझ्या पोस्टरमधली मुलगी उभी होती आणि तिच्या वेण्या सरळ होत्या. मी जे सुचवलं ते खोटं होतं. जळफळाटातून लिहिलं.' जळफळाट हा शब्द दोनदा खोडला आणि तिसऱ्यांदा तसाच ठेवला. कागदाचा फोटोही टाकला. सरांनी नमस्काराचे हात पाठवले. महूचं पोस्टर 'आठवलेल्या' त्या मुलीने काहीच लिहिलं नाही. आयोजकांसाठी मी वेगळं पत्र लिहून त्याच दिवशी इव्हेंट कंपनीच्या हाती दिलं. घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मी तेव्हाच म्हटलं होतं, फोन लाव." आईला सांगायला मला आणखी आठवडा लागला. तिला मी तिचं पेढ्यांच्या दिवशीचं वाक्यही सांगितलं. तिला ते आठवत नव्हतं. ती म्हणाली, "मी असं म्हणेन का?" आणि मी म्हटलं, "म्हटलं होतंस, आणि मला ते आवडलं होतं."

मैत्रिणीने नंतर फोन केला नाही. मी केला, दोनदा. ती नीट बोलली, कामाचं बोलावं तसं.

स्पर्धा सुरू झाली तेव्हा आम्ही घरी टीव्हीवर बघत होतो. मैदानाच्या कडेच्या फलकांवरून ती वेणी धावत होती, आणि तिच्यासमोरून खऱ्या मुली धावत होत्या, त्यांच्या खऱ्या वेण्या मागे उडत होत्या. कॅमेरा वळला की माझे डोळे फलकावर जात. नवरा म्हणाला, "अगं, गोल झाला, बघ तरी!" मी बघितलंच नव्हतं.

मी चूक शोधत होते. आजही शोधते, खोटं कशाला बोलू. एक सापडली आहे. खेळाडूंच्या बाहीवर बोधचिन्ह फार लहान होतं आणि तिथे हिरवा पेड कापडात बुडून जातो, वेणी दोनच पेडांची दिसते. तिने तिथे हिरवा थोडा उजळ करायला हवा होता. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.